दोन शहरांत मोजलेला नवरा

गल्लीतल्या लोकांनी तिचं नाव ‘प्रश्नबाई’ ठेवलं त्याला बावीस वर्षं होत आली. सरकारी सर्व्हेसाठी घरोघर फिरून माहिती गोळा करायची, हे तिचं काम. नोकरी कायमची नव्हती. दर सर्व्हेला नव्याने यादी निघायची आणि यादीत नाव असलं तर काम. बावीस वर्षांत तिचं नाव एकदाही गळलं नव्हतं. याचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या लग्नाचाही नव्हता, असं तिचा नवराच म्हणायचा.

तिची विचारण्याची एक रीत होती. मिळकतीचा विषय ती कधीच आधी काढायची नाही. आधी पाणी किती वेळ येतं, मग पंखे किती, महिन्याला धान्य किती लागतं, मुलं कितवीत आहेत. समोरचा माणूस बोलता बोलता सैल झाला की हळूच मिळकतीवर यायचं. पुरुष आकडा फुगवून सांगतात आणि बायका दाबून, हे तिला पाठ होतं. पण आपल्या मनाचं ती काही घालायची नाही. सांगतील ते लिहायचं. एका गृहस्थाने दारात दोन मोटारी उभ्या असताना मिळकत शून्य सांगितली, तेव्हा तिने शून्यच लिहिलं. फक्त जरा मोठं काढलं.

पुढे कागद गेले आणि टॅबलेट आला. टॅबलेट मोठा शंकेखोर. घरात माणसं दोन आणि धान्य पाच जणांचं लिहिलं की त्याच्या कपाळावर लाल पट्टी यायची आणि खाली एक छोटा चौकोन उघडायचा: कारण लिहा. कारण तीस अक्षरांत बसवायचं. त्याशिवाय गडी पुढच्या पानावर जायचा नाही. “माझी सासूसुद्धा एवढं विचारत नव्हती,” असं ती म्हणायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांच्या शहरात लिफ्ट होत्या नऊ, त्यातल्या चार कायमच्या बंद आणि उरलेल्या पाच बिघडायचं नाव घेईनात. तेव्हा तो अडीच तासांवरच्या थोरल्या शहरात कामाला लागला, त्याला एकोणीस वर्षं झाली. तिथे पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचा, शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. रोज सकाळी त्याचा डबा बसवर पोचवला की प्रश्नबाई आपल्या फिरतीला मोकळी.

या खेपेच्या सर्व्हेत एक नियम बदलला होता. आधी विचारायचं असायचं, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं. या वेळी प्रशिक्षणाला आलेल्या माणसाने फळ्यावर मोठी चूल काढली आणि सांगितलं की जे एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. “झोप विसरा, चूल धरा,” असं त्याने तीनदा म्हणायला लावलं. प्रश्नबाईने वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सर्व्हे झाला. चार महिन्यांनी राज्यातल्या चौदा शहरांचा तक्ता वर्तमानपत्रात छापून आला. कोणत्या शहरात घरटी मिळकत सरासरी किती, याचा तो तक्ता. गेल्या वेळी त्यांचं शहर अकरावं होतं. या वेळी तिसरं आलं.

पहिल्यांदा लोकांना वाटलं छापणाऱ्याची चूक. मग कोणीतरी शोध लावला की हे आकडे आपल्या प्रश्नबाईने नेलेत, आणि तिला रस्त्यावरून चालणं मुश्किल झालं. न्हाव्याने दुकानातूनच नमस्कार केला आणि श्रीमंत झाल्याबद्दल पेढे कधी देताय म्हणून विचारलं. रिक्षावाल्याने नेहमीच्या अंतराला जास्त भाडं मागितलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “ताई, तिसऱ्या नंबरच्या शहरात राहायचं आणि अकराव्या नंबरचं भाडं द्यायचं, हे कसं चालेल?”

ती हसली, भाडं दिलं आणि उतरल्यावर रस्त्यातच थांबून राहिली. समोर बंद पडलेलं थिएटर. त्याच्या पायऱ्यांवर जुने कपडे विकायला बसलेल्या बायका. पलीकडे पत्र्यावर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर विटा ठेवलेली घरं. तीन कारखाने असलेलं शहर आपल्या खाली सहाव्या नंबरावर, आणि आपण तिसरे? बरं, आकडे तर आपणच आणलेले. एकेका दारात उभं राहून, एकेकाला विचारून. मग हा पैसा आहे कुठे? दोन दिवस ती ओळखीच्या लोकांकडेही संशयाने बघत होती. शेजारीण फाटकी चप्पल शिवून आणताना दिसली, तर हिच्या मनात आलं, ही मुद्दाम तर नाही ना करत.

तिसऱ्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. भाषा सरळ होती. आकडे अविश्वसनीय वाटतात. घरोघर न जाता बसल्या जागी माहिती भरल्याचा संशय आहे. अधिकारी येऊन दहा घरं पुन्हा तपासतील. तीन घरांत जरी तफावत निघाली तरी नाव यादीतून कायमचं कमी होईल. बावीस वर्षांत तिला कुत्री चावली होती, एकदा अंगावर बादलीभर पाणी पडलं होतं, पण बसल्या जागी फॉर्म भरलास, असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने ते पत्र नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, “जेवून घे आधी.”

तपासायला आलेले साहेब जेमतेम सत्तावीसचे. पाठीवर बॅग, डोळ्यांखाली काळं, बोलणं मऊ. तिला पाहताच मावशी म्हणाले, त्यामुळे तिला धीर यायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. त्यांनी आधीच सांगून टाकलं की घर दाखवायचं आणि बाहेर थांबायचं, आत एक शब्द बोलायचा नाही.

पहिलं घर बटणबाईचं. ही घरी बसून शर्टांना बटणं लावायची. तिच्या खोलीत पाय ठेवला की तळव्याला एखादं बटण टोचायचंच. प्रश्नबाई उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. दार उघडंच होतं, तेव्हा ऐकू सगळं येत होतं.

साहेबांनी विचारलं, घरात माणसं किती? चार, बटणबाई म्हणाली. फॉर्ममध्येही चार होते. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. अंथरुणाच्या वळकट्या तीन. खुंट्यांवर पुरुषाचा एकही कपडा नाही.

“चौथं माणूस कुठे आहे?”

“नवरा. थोरल्या शहरात असतो कामाला.”

“म्हणजे इथे तीन.”

“चार.”

“पण ते राहतात तिथे ना?”

“झोपतात तिथे,” बटणबाई म्हणाली. “जेवतात माझंच. आज सकाळीच दोन वेळचा डबा गेलाय. बघा, भांडी पडलीत अजून.”

साहेब वाकून भांडी बघत असावेत, एक ताटली खणकन वाजली. मग त्यांनी सावकाश समजावलं की डबा जातो म्हणून माणूस या घरात मोजता येत नाही. बटणबाईने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, साहेब कुठे जेवतात? साहेब म्हणाले, खानावळीत. तिथे आणखी किती जण जेवतात? चाळीस-एक असतील.

“मग तुमचं एक्केचाळीस माणसांचं कुटुंब म्हणायचं,” ती म्हणाली. “आणि त्या खानावळवाल्याला काय म्हणता, बाबा?”

बाहेर पायरीवर प्रश्नबाईने पदर तोंडात धरला. पण हसू आलं तसं गेलंही. कारण त्याच क्षणी तिला कळलं की आपल्या फॉर्ममधला पैसा कुठून आला. तिने तो माणूस मोजला होता, त्यामुळे त्याचा थोरल्या शहरातला पगारही या घरात मोजला होता. तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. जो आपल्या हातचं जेवतो तो आपल्या घरचा, यात विचार करण्यासारखं काय होतं? आणि वर चूल धरा, असं सांगितलंही होतं. आता साहेबांच्या आवाजातला घोळ ऐकून तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपण बरोबर केलं की चूक, हेच आपल्याला सांगता येत नाहीये.

दहापैकी सात घरांत हेच निघालं. माणूस इथला, झोप तिथली, डबा रोजचा. उत्तरं फॉर्मशी जुळत होती, एकाही घरात तफावत नव्हती. म्हणजे प्रश्नबाई दारोदार फिरली होती हे उघड होतं. तरी साहेबांचा चेहरा काही उजळेना. दहावं घर संपल्यावर ते चहाच्या टपरीवर बसले आणि कपात बघत म्हणाले, “मावशी, तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. पण खरं काय आहे ते मला कळत नाहीये, आणि ते कळल्याशिवाय मी वर काय लिहू?”

शेवटी ठरलं, डब्यामागे जाऊन बघायचं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या बसला दोघं चढले. त्या बसच्या मागच्या दोन बाकांवर माणसं बसत नाहीत, डबे बसतात. साहेबांनी मोजले: त्रेसष्ट. कोणाला लाल दोरा, कोणाला रंगाचा ठिपका, एकाच्या झाकणावर जुनं बटण चिकटवलेलं. तो कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला की उतारू भांडतात, उशिरा येतात, उलट्या करतात; डब्यांचं तसं काही नाही. वाटेत साहेब खिडकीतून बाहेर बघत हिशेब मांडत होते आणि मध्येच तिला विचारत होते. समजा, सकाळचं जेवण डब्यातलं आणि रात्रीचं तिथलं असेल तर? समजा, डबा येतो पण तो मित्राला देऊन टाकतो? तिने पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं दिली. तिसऱ्यानंतर तिला इतकी वर्षं आपल्याला तोंड देणाऱ्या लोकांची कीव आली.

थोरल्या शहराच्या स्टँडवर डबे घ्यायला जेवणाच्या सुट्टीतली माणसं उभी होती. तिचा नवराही होता, हाताला वंगण लागलेलं. बसमधून डब्याआधी बायको उतरलेली पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एकोणीस वर्षांत ती कामाच्या दिवशी कधी आली नव्हती. घरी सगळं ठीक आहे ना, हे त्याने दोनदा विचारलं. ठीक आहे, तू कुठे राहतोस ते सरकारला बघायचंय, असं तिने सांगितलं तेव्हा तो आणखीच घाबरला.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती, आणि त्यावरून कोणीही काही बोललं नाही. सहा खाटा, एकावर एक तीन-तीन. कपाट उघडायचं तर आधी खालच्या खाटेवर उभं राहावं लागे. त्याला घरी येता आलं नाही अशा दोन-तीन रविवारी प्रश्नबाई इथे येऊन गेली होती, पण सर्व्हेच्या नजरेने तिने ही खोली कधी पाहिली नव्हती. खिडकी एक, पंखा एक, खुंट्या अठरा. साहेबांची नजर दाराच्या चौकटीवर खिळली होती. तिथे तोच चिकटवलेला कागद होता, जो प्रश्नबाई आपल्या शहरातल्या दारांना लावायची. सर्व्हे झाला, घर क्रमांक अमुक.

साहेबांनी तो क्रमांक टॅबलेटवर काढला आणि खालच्या खाटेवर बसकण मारली.

इथल्या गणतीवाल्याने या खोलीत सहा माणसं लिहिली होती. सहाही कमावती. चूल: एक. साहेबांनी चुलीसाठी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात, बादलीशेजारी, चहाची विजेची किटली होती.

“ही?” त्यांनी विचारलं.

“त्यांनी विचारलं, एकत्र काय शिजतं,” नवरा म्हणाला. “आम्ही म्हटलं, चहा.”

म्हणजे सहा पगार एका घराचे झाले होते. आणि तक्ता माणशी नव्हता, घरटी होता. साहेबांनी आकडा वाचून दाखवला आणि सांगितलं की या वॉर्डात ज्या घरांची गणती झाली त्यांत हे सगळ्यात श्रीमंत घर आहे. वरच्या खाटेवर रात्रपाळी करून झोपलेल्या एकाने डोक्यावरची चादर काढून खाली पाहिलं, खोलीभर नजर फिरवली आणि पुन्हा चादर ओढून घेतली.

प्रश्नबाईला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत होती. “तू यांना पगार सांगितलास?”

“सरकारी माणूस दारात येऊन विचारतोय. खोटं सांगू? बायको याच धंद्यात आहे माझी.”

“आणि मी तुला नि तुझ्यासारख्या कितीतरी जणांना तिथे लिहून बसले.”

“मग मी कुठे आहे?” त्याने विचारलं. तो गंमत करत नव्हता. साहेबांनीही मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जणू उत्तर तिलाच माहीत असणार. बावीस वर्षं ती प्रश्न विचारत आली होती आणि समोरच्याने उत्तर द्यायचं, असा नियम होता. आता दोघं जण तिला विचारत होते. तिने डबा उघडला आणि म्हणाली, “सध्या इथे आहेस. जेव.”

साहेबांनी अहवालात लिहिलं की माहिती घरोघर जाऊनच गोळा केलेली आहे. ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. पण अहवाल तिथे संपत नव्हता. एक माणूस दोन शहरांत मोजला जातो, एकीकडे जेवणाने आणि दुसरीकडे चहाने, असंही त्यांनी लिहिलं. त्यावर वर बैठका झाल्या आणि महिन्याभराने नवं पत्रक आलं: माणूस जिथे झोपतो तिथला. चूल विसरा, झोप धरा. प्रश्नबाईने वहीचं पहिलं पान काढलं, जुनं वाक्य खोडलं आणि नव्याखाली एकच रेघ मारली.

फॉर्म दुरुस्त व्हायच्या आधीच वरच्या वर अंदाजाने आकडे फिरवून तक्ता पुन्हा छापला. आता त्यांचं शहर बारावं होतं. ती तक्ता हातात घेऊन बराच वेळ बसली. तिसरे होतो तेव्हा आपण श्रीमंत नव्हतो आणि बारावे झालो म्हणून काही गरीब झालो नाही. मधल्या काळात कोणाच्या घरातला एक चमचाही हललेला नाही. मग नऊ पायऱ्या खाली उतरलं ते कोण? तिने साहेबांना फोन करून हेच विचारलं. त्यांनी समजावलं, आणि बोलता बोलता मध्येच थांबून म्हणाले की आपण जे सांगतोय ते आपल्यालाही पूर्ण पटलेलं नाही. रिक्षावाल्याला मात्र ते लगेच पटलं. बारावं शहर म्हणून तिने वाढीव भाडं परत मागितलं, तेव्हा त्याने भाडं दिलं नाही, पण एकदा फुकट सोडतो म्हणाला.

मग आलं खरं काम. सगळ्या घरांत पुन्हा जायचं आणि तिथे न झोपणारी माणसं फॉर्ममधून काढायची. पुढच्या सर्व्हेची यादी सोमवारी निघणार होती. त्याआधी हे संपवायचं होतं. बटणबाईचं घर तिने मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. पहिल्या काही घरांतच कळलं की टॅबलेट अडतोय. माणूस काढला की धान्य जास्त ठरायचं, कपाळावर लाल पट्टी यायची आणि चौकोन उघडायचा: कारण लिहा. तिने लिहिलं, ‘नवऱ्याचा डबा जातो’. पट्टी गेली. पुढच्या घरी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या घरी पुन्हा.

एक्केचाळिसाव्या घरानंतर साहेबांचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता. मुख्य कार्यालयातल्या मशीनने तिचे सगळे फॉर्म बाजूला काढून ठेवले होते. एक्केचाळीस घरांत शब्दाला शब्द तेच कारण, म्हणजे बसल्या जागी नक्कल केलेली असणार. सोमवारच्या आत हे सुटलं नाही तर यादीत नाव येणार नाही.

“पण कारण एकच आहे, साहेब.”

“ते मला माहीत आहे, मावशी. मशीनला माहीत नाही. प्रत्येक घरी काहीतरी वेगळं लिहा.”

“म्हणजे खोटं लिहू?”

“सोमवारच्या आत काय ते बघा,” एवढं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

हे बोलणं झालं तेव्हा ती बटणबाईच्या दारात उभी होती. आत जाऊन बसली, पायाखालचं बटण काढून तिच्या हातात दिलं आणि आपण कशासाठी आलो ते सांगितलं. बटणबाईने सुई शर्टात खोचून ठेवली.

“म्हणजे माझ्या नवऱ्याला खोडणार तू.”

“फॉर्ममधून फक्त.”

“एकदा चार म्हणून लिहिलंस. साहेबांसमोर मी चार म्हणून भांडले तुझ्यासाठी. आता तीन?”

“तीन.”

“बरं, खोड,” बटणबाई म्हणाली. मग तिने मान वळवून चुलीकडे पाहिलं. “पण उद्या डबा भरताना मी काय समजायचं, कोणाचा भरतेय?”

प्रश्नबाईने चौथ्या नावावर बोट ठेवलं. नाव गेलं. लाल पट्टी आली, चौकोन उघडला. कारण लिहा. तिने त्या तीस अक्षरांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. खोटं लिहायचं नाही, आणि तेच तेही लिहायचं नाही. खरं तर एकच होतं, ते दर घरी वेगळं कसं करायचं? तिने दोनदा चौकोनाला बोट लावलं आणि काढून घेतलं. बटणबाईला वाटलं, मशीन बिघडलं.

“आज डब्यात काय दिलंस?” प्रश्नबाईने एकदम विचारलं.

“तुला काय करायचंय?”

“सांग तर.”

“दुधी. मीठ कमी पडलं. संध्याकाळी फोन येईलच.”

प्रश्नबाईने लिहिलं: ‘नवऱ्याचा डबा. आज दुधी.’ लाल पट्टी गेली. मीठ कमी पडल्याचं लिहायला जागाच उरली नाही, याचं तिला जरा वाईट वाटलं.

आधीच्या एक्केचाळीस घरांतही पुन्हा जावं लागणार होतं, हे तिच्या लक्षात आलं. सोमवारला तीन दिवस होते. ती उठली, चपला घातल्या आणि शेजारच्या दाराशी गेली. कडी वाजवण्याआधी तिने नाक वर करून वास घेतला. घेवडा असावा. की गवार? नक्की कळेना. विचारावंच लागणार होतं.